स्टॉपलाइनच्या पुढचा मुलगा

राजाजीनगरातल्या जयसिंगरावांच्या बैठकीत तुम्ही पहिल्यांदा बसलात, की तुमचं लक्ष आधी भिंतीकडे जाईल. वर तुळजाभवानी, तिच्या खाली हार घातलेला त्यांच्या पत्नीचा, संयोगितावहिनींचा फोटो, आणि त्याच्या खाली ओळीनं लावलेल्या काही चौकटी. प्रत्येक चौकटीत एकच तरुण, एकाच राखाडी स्कूटरवर. एकाही फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत तारीख, चौकाचं नाव आणि गुन्हा.

पाहुणा अवघडून विचारतो, "मुलगा का?"

"होय की. सयाजी." जयसिंगराव खुर्चीतून उठतात आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत जातात. "हे हेल्मेट नाही म्हणून. हे स्टॉपलाइन ओलांडली म्हणून. आणि हे नो एंट्री. ह्यात पोट स्वल्प सुटलंय बघा. बाहेरचं खातोय."

पाहुणा चहा लवकर संपवतो.

मी ह्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा वर्षभरात परत जायचं ठरलं होतं. सामानातली दोन खोकी अजून त्याच भरवशावर बांधलेली आहेत. जयसिंगरावांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. मला त्यांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'पुणेवाले' म्हणायला लागले. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आले, असं त्यांच्या घरात सांगतात. मी एकदा विचारलं, "मग परत नाही गेले?"

"परत जा म्हणून कुणी सांगितलंच नाही की," अण्णा म्हणाले. "तुमची खोकी कधी उघडताय?"

अण्णांचं पीण्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि तीन कामगार. पंपात बसणारे पितळी बुश तिथं व्हायचे. केसाच्या जाडीचा फरक पडला तरी अण्णा माल भंगारात टाकायचे. रस्त्यावरही त्यांचं तेच. उभ्या आयुष्यात त्यांना एकदाही दंड झालेला नव्हता. गल्लीत अजून सांगतात ती गोष्ट अशी : नवरंग थिएटरच्या बाजूला एकदा सिग्नल बिघडला आणि लालवरच अडकला. मागची वाहनं हॉर्न वाजवून वाजवून थकली आणि बाजूनं निघून गेली. अण्णा उभे. एक रिक्षावाला खास वळून परत आला आणि म्हणाला, "अण्णा, सिग्नल केट्टोगिदे, बिघडलाय, चला." अण्णा म्हणाले, "बिघडलाय ते मलाही दिसतंय. पण लाल आहे ना? लाल म्हंजे लाल." शेवटी कुणीतरी पोलिसाला बोलावून आणलं, त्यानं हात करून अण्णांना रीतसर पुढे जायला सांगितलं, तेव्हा ते निघाले. लहानगा सयाजी त्या वेळी स्कूटरवर पुढे उभा होता. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं म्हणे, "अण्णा सिग्नलला घाबरतात."

हा सयाजी मोठा झाला आणि त्याला लेथ आवडेना. त्याला कॉम्प्युटर आवडायचा. घरात दोन पक्ष पडले. अण्णा एका बाजूला आणि संयोगितावहिनी दुसऱ्या. वहिनी कमी बोलायच्या, पण जिंकायच्या. मी राहायला आलो त्याच उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मग अण्णांची थोरली बहीण, सकवारबाई, बंगारपेटेहून ट्रंक घेऊन राहायला आली. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का अण्णांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मलाही वर्कशॉपवर बोलावलं होतं. ह्या घरात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. लेथ धुऊन पुसून हळदीकुंकवानं माखलेले, पाटावर पणजोबांची तलवार, तिच्या बाजूला मायक्रोमीटर, व्हर्नियर, ड्रिलची पाती, हातोडे. दारात सयाजी वापरायचा ती राखाडी स्कूटर उभी. तिच्या चाकांखाली लिंबं, हँडलला केळीचे खुंट आणि मागे झेंडूचा हा एवढा हार. पूजेनंतर स्कूटर लिंबांवरून चालवायची, ती फुटली की वर्ष चांगलं जातं.

सयाजी उशिरा, बसनं आला. एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा नव्या कंपनीत त्याला नोकरी लागली होती. त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला, झाकणावर कुंकवाचं बोट लावलं आणि तलवारीशेजारी, पाटाच्या कडेला हळूच ठेवला.

अण्णा उदबत्ती ओवाळत होते. ते थांबले. सगळे कामगार बघत होते, मी बघत होतो.

"आयुधं इथं," अण्णा म्हणाले. "खेळणी बाहेर." आणि त्यांनी लॅपटॉप उचलून दाराबाहेरच्या बाकावर ठेवला. बाकाखाली आमच्या सगळ्यांच्या चपला होत्या.

सयाजी वळला. बाहेर गेला, बाकावरचा लॅपटॉप शर्टानं पुसला, पिशवीत घातला. स्कूटरला किक मारली. चाकांखालची लिंबं फट् फट् फुटली. कामगारांतला एक जण सवयीनं म्हणाला, "ओळ्ळेदागली," भलं होवो. स्कूटर हारासकट वळणावरून दिसेनाशी झाली.

घरी पंगत बसली तेव्हा अक्कानं मटणाची वाटी अण्णांपुढं ठेवली आणि म्हणाली, "ते खेळणं कुठनं आलं, विचारलंस कधी त्याला?"

"त्याच्या पगारातनं."

"पगार मागनं आला. ते संयोगितानं घेऊन दिलं. आपल्या पाटल्या मोडून. आस्पत्रीत असताना. तुला सांगू नको म्हणाली. लेथ सोडून पोराचं काहीतरी चांगलं झालं की मगच सांगा म्हणाली. तो आज आईला आणून ठेवत होता पाटावर. तू तिला चपलांवर नेऊन ठेवलीस, जया."

अण्णांनी हात धुतला. ताटात सगळं तसंच होतं.

सयाजी घरी आला नाही. अण्णांनी फोन केला, अक्कानं केला, मीही माझ्या फोनवरून करून पाहिला. काही दिवसांनी तो नंबरच बंद झाला. अण्णा एचएसआरला त्या कंपनीच्या पत्त्यावर जाऊन आले. स्टार्टअप होतं ते. नीट सुरू व्हायच्या आधीच बंद झालं होतं. तिथं आता डोशाचं दुकान होतं. अण्णांनी डोसेवाल्याला सयाजीचा फोटो दाखवला. डोसेवाला म्हणाला, "असे लई येतात, सार."

आणि मग एके दिवशी अण्णा सकाळीच माझ्याकडे जिना चढून आले. हातात मोबाइल, चेहरा पांढराफटक.

"पुणेवाले, हे काय ते बघा. पोलिसांचं आहे. माझ्या नावावर चलान आलंय म्हणतंय. मी तर स्कूटरच..."

ते मध्येच थांबले. स्कूटर कागदोपत्री त्यांच्याच नावावर होती. आमच्याकडे पोरगा वापरतो आणि बापाच्या नावावर असते तशी. मेसेजातली लिंक मी कॉम्प्युटरवर उघडली. तारीख खंडेनवमीचीच होती. मेसेज सावकाश चालत आला होता. गुन्हा : नंबरप्लेट झाकलेली असणे. फोटोत स्कूटरची पाठ, तिच्यावरून लोंबणारा झेंडूचा हार, आणि तो हार बाजूला करून आकडे वाचणारा पोलिसाचा हात. वरच्या कोपऱ्यात सयाजीची मान. नुसती मान.

"हार मीच बांधला होता," अण्णा म्हणाले. "मागं जरा खाली आला." मग खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले. "मोठं होतं का हो हे? ती मान."

मी मोठं केलं.

"केस वाढले होते," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी लक्षातच नाही आलं."

दंड त्यांनी तिथंच भरायला लावला. आणि मग म्हणाले, "हे छापून मिळतं का?"

अशी सुरुवात झाली. दोनतीन महिन्यांनी एक चलान यायचं, कधी चार महिन्यांनी. दुसऱ्या कुणाच्या घरी असा मेसेज आला की बाप पोराच्या नावानं शंख करतो. अण्णांच्या घरी शिरा व्हायचा. "आला, आला," म्हणत ते जिन्यावरूनच ओरडायचे. "जिवंत आहे, तब्येत बरी आहे, अगरा जंक्शनला सिग्नल तोडला!" मग मी फोटो उघडायचा, अक्कानं गुडघे धरत वर यायचं, आणि आम्ही तिघं पडद्यासमोर बसून गुन्ह्याचं निरीक्षण करायचो. फोटो छापून आला की अक्का त्याच्यावरून मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकायची. मध्यंतरी जुन्या दंडांवर सवलत जाहीर झाली. सगळं शहर अर्ध्या दरात पापं धुवायला धावलं. अण्णांकडे धुवायला काही नव्हतं. ते आलेल्या दिवशीच पूर्ण भरत. मी म्हटलं, जरा थांबत जावा, सवलत मिळते. ते दुखावले. "पोराचा फोटो अर्ध्या किमतीला घ्यायचा?"

एका चलानात मागच्या सीटवर एक मुलगी होती. गुन्हा : मागे बसणाऱ्यास हेल्मेट नाही. त्या दिवशी आमच्या खोलीत संसद भरली.

"ऑफिसातली असेल," अण्णा म्हणाले. "लिफ्ट दिली असेल."

"हात बघ की," अक्का म्हणाली. "ऑफिसातली सीटचं हँडल धरते. हिचा हात त्याच्या खांद्यावर आहे."

"खांद्यावर मैत्रीणपण ठेवते."

"आणि भाजीची पिशवी? मैत्रिणीबरोबर मुळे आणायला जातात?" पिशवीतून खरंच मुळ्याचा पाला डोकावत होता. अक्का पडद्याला नाक लावून बसली. "लग्न झालंय, जया. आपल्याला न बोलावता तुझी सून आली."

अण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "चांगली आहे. नीट बसलीय. तोल जाणार नाही."

पण त्या दिवसापासून अण्णांचं एक त्रांगडं झालं. हेल्मेट न घालणारी माणसं कशी पडतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या कामगाराचा भाऊ तसाच गेला होता. चलान आलं की आनंद, आणि फोटो उघडला की जीव खाली-वर. "घाल की रे लेका," ते पडद्याला सांगायचे. एकदा मी सहज म्हटलं, "अण्णा, घातलं तर मग चलान यायचं नाही." ते खुर्चीतून उठून खाली गेले. मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मग मोठा खंड पडला. सगळा पावसाळा गेला, खंडेनवमीही गेली. त्या वर्षी पूजेत अण्णांनी तलवारीशेजारची वीतभर जागा मोकळी ठेवली, आणि पुढच्या महिन्यात वर्कशॉप विकलं. दिवाळी झाल्यावर मेसेज आला.

फोटो समोरून घेतलेला होता. सयाजी, मागे ती, आणि पुढे, सयाजीच्या दोन हातांच्या मध्ये, उभं राहून उजवा आरसा मुठीत धरलेलं एक पोर. डोक्यावर दोन शेंड्या. तिघांतल्या एकाच्याही डोक्याला हेल्मेट नाही.

खाली गल्लीत भाजीवाला ओरडून गेला, तेवढाच आवाज. एखाद्याच्या घरी नात झाली की पेढे येतात, फोन येतो, बारशाचं आमंत्रण येतं. अण्णांना नात झाल्याचं सरकारनं कळवलं, आणि तेही तिला उभं राहता यायला लागल्यावर.

"आरसा धरू नये," शेवटी अण्णा म्हणाले. "आरसा हलला की मागचं दिसत नाही. त्याला सांगितलं होतं मी लहानपणी. तोपण असाच धरायचा."

अक्कानं पदरानं माझा पडदा पुसला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं. एकाच गाडीवर इतके गुन्हे साचले होते, की गाडीच्या मालकानं वाहतूक पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात हजर राहावं, चालकानं सुरक्षित वाहन चालवण्याचा वर्ग करावा. अण्णा मला बरोबर घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. जन्मात पहिल्यांदा पोलिसांनी बोलावलेलं.

सब-इन्स्पेक्टर दिव्यश्री मॅडम पस्तिशीच्या, चेहऱ्यानं थकलेल्या आणि बोलायला सरळ. पुढचं सगळं कन्नडात झालं, मी मराठीत सांगतो.

"गाडी तुमची?"

"माझी."

"चालवतं कोण?"

अण्णांनी टेबलावरच्या फोटोकडे बघितलं.

"हे बघा सार, चालवणारा दुसरा कुणी असेल तर नाव द्या. नोटीस त्याला जाईल. आमची माणसं गाडी अडवून त्याचा पत्ता घेतील. तो इथं येईल, ह्या वर्गात बसेल, लायसन्स काही महिने आमच्याकडे राहील. तुम्ही मोकळे."

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, झालं. एक नाव सांगायचं, आणि चार वर्षं जो सापडला नाही तो पुढच्या शनिवारी ह्याच बाकावर येऊन बसणार. अण्णांनी दारात उभं राहायचं, बास.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "मीच चालवतो."

मॅडमनी समोरचा फोटो बघितला. फोटोत मानेवर रुळणारे काळेभोर केस. मग अण्णांचं डोकं बघितलं, जे दाराच्या मुठीसारखं गुळगुळीत आहे.

"आणि हे केस?"

"तेव्हा होते."

"सार, फोटो गेल्या महिन्यातला आहे."

"टेन्शनमध्ये जातात, मॅडम."

मॅडमनी हसू दाबलं, पण मग त्यांना ते दाबावं लागलं नाही. अण्णांकडे बघताना ते आपोआपच गेलं असावं. त्यांनी हजेरीवर अण्णांची सही घेतली.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "नाव का नाही दिलंत?"

"एकदा त्याला चार माणसांसमोर उचलून बाहेर ठेवलं," अण्णा म्हणाले. "आता पोलिसांकडून उचलून आत आणू?"

तर त्या शनिवारी अण्णा वर्गात बसले. आजूबाजूला वीस-बावीस वर्षांची पोरं, एक पिझ्झा पोचवणारा, एक बँकेतला गृहस्थ जो शेवटपर्यंत सांगत होता की तो फोटो त्याचा नाहीच. ज्या माणसानं बिघडलेल्या सिग्नललाही मान दिला, तो पहिल्या बाकावर बसून लाल दिव्याचा अर्थ समजावून घेत होता. मॅडमनी विचारलं, पिवळा लागला तर काय करायचं? पिझ्झावाला म्हणाला, "स्पीड वाढवायचा." अण्णा मागे वळून त्याच्याकडे इतक्या काळजीनं बघत राहिले, की तो बिचारा ओशाळून म्हणाला, "कमी करायचा, अंकल."

शेवटी मॅडमनी लहान मुलांचं सांगितलं. चार वर्षांच्या आतलं मूल स्कूटरवर असेल तर त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा. पडद्यावर त्यांनी एक फुटलेलं लहान हेल्मेट दाखवलं आणि म्हणाल्या, हे मूल वाचलं. अण्णांनी हात वर केला.

"मॅडम, माप कसं घ्यायचं?"

"टेपनं. कपाळावरून, सार."

"मूल समोर नसेल तर?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

घरी आल्यावर अण्णांनी भिंतीवरची नातीची ती चौकट उतरवली. कपाटातून व्हर्नियर काढला, मऊ कापडानं पुसला. आधी फोटोतला आरसा मोजला. मग खाली जाऊन गल्लीत उभ्या असलेल्या तशाच स्कूटरचा खरा आरसा मोजून आले. मग फोटोतलं पोरीचं डोकं. पाठकोऱ्या कागदावर गुणाकार, भागाकार. पंपाच्या बुशचा कधी काढला नसेल इतक्या निगुतीनं त्यांनी नातीच्या डोक्याचा घेर काढला.

"शेंड्या धरल्यास का त्यात?" अक्कानं विचारलं.

"अलाउन्स ठेवलाय, थोडी जागा सोडलीय."

हेल्मेट पिवळं घेतलं, लांबून दिसावं म्हणून. सुनेसाठी एक, सयाजीसाठी एक, आणि पट्टा. सगळं पोतडीत भरून अण्णा परत केंद्रात गेले, मी मागे. टेबलावर पोतडी ठेवून म्हणाले, "मॅडम, ही गाडी कुठं दिसली तर एवढं द्या."

मॅडमनी पोतडीत बघितलं. पिवळं हेल्मेट बाहेर काढून हातात फिरवलं. "मुलगा आहे ना सार?"

"होय."

"मी स्वतः थांबवते. पत्ता घेऊन देऊ? नंबर?"

अण्णांच्या तोंडून हो निघणार होतं. मला ते ओठांवर आलेलं दिसलं. पण ते म्हणाले, "नको. पोलिसानं विचारलेला पत्ता नको. त्याला वाटलं तर तो देईल." मग खालच्या आवाजात, "पोरीचं नाव तेवढं विचारा."

दहा-बारा दिवसांनी मॅडमचा फोन आला. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला, आम्ही तिघं त्याच्याभोवती शेकोटीला बसल्यासारखे.

"मिळाले, सार. अगरा जंक्शनला. मी म्हटलं दंड नाही, हे घ्या. आधी त्याला कळेना. कुणी दिलं विचारलं. मी म्हटलं, तुमच्या जागी वर्गाला बसले होते त्यांनी."

"मग?"

"बराच वेळ हेल्मेट हातात धरून उभा. मागे सगळे हॉर्न देत होते. मिसेसनी घेतलं त्याच्या हातातनं. मुलीला घातलं."

"बसलं?" अण्णांनी विचारलं. "सैल नाही ना झालं?"

"अगदी बरोबर बसलं, सार. पट्टापण बांधला."

"नाव?" अक्का ओरडली.

"विचारलं, अज्जी. तिनं जीभ दाखवली."

अक्का हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. फोनवर मॅडम म्हणाल्या, "आणखी एक, सार. सिग्नल परत लाल झाला होता. तो निघणार होता, थांबला. मुलीला दिवा दाखवून तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मला मराठी येत नाही, पण तेवढं लक्षात राहिलं. 'लाल म्हंजे लाल.'"

अण्णा उठले आणि मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं. अक्का त्यांना काटकसरीवरून कधी सोडत नाही, पण त्या दिवशी नळ बंद कर म्हणाली नाही.

आम्हाला वाटलं, आता येईल. अक्कानं शिऱ्यासाठी तूप कढवून ठेवलं. गेटचा आवाज झाला की अण्णा पेपर खाली घ्यायचे. सयाजी आला नाही. आणि चलानही आलं नाही.

एक महिना गेला, तीन गेले, सहा गेले. अण्णा दिवसातून दहादा मोबाइल बघायचे, रोज सकाळी मला विचारायचे, "तुमच्या कॉम्प्युटरवर काही?" शेवटच्या चौकटीशेजारी त्यांनी आधीच ठोकून ठेवलेला खिळा तसाच मोकळा. अक्का म्हणायची, "बरंच आहे की जया. हेल्मेट घालतोय. सिग्नलला थांबतोय. ऐकलं पोरानं तुझं." अण्णा म्हणायचे, "होय. ऐकलं."

गेल्या रविवारी ते म्हणाले, "पुणेवाले, अगराला येताय? सहज." दोन बस बदलून आम्ही गेलो. अण्णा कॅमेऱ्याच्या खांबाला लागून, फुटपाथच्या अगदी कडेला उभे राहिले. दिवा लाल झाला. गाड्या येऊन थांबत गेल्या, पन्नास, शंभर. पूर्वीचा सयाजी सगळ्यांच्या पुढे, रेषा ओलांडून, एकटा दिसला असता. आता रेषेच्या पुढे कुणीच नव्हतं. पुढच्यांच्या आड मागच्यांच्या नंबरप्लेटा, आणि वर नुसती हेल्मेटं, काळी, पांढरी, लाल, काचा खाली ओढलेली. अण्णा टाचा उंचावून बघत होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"तिकडं पिवळं आहे का हो? बसच्या मागं?"

मी बघितलं. बसच्या मागं काहीतरी पिवळं होतं. लहान होतं का, स्कूटर राखाडी होती का, मला सांगता येईना. अण्णांनी हात वर करून हलवला. दिवा हिरवा झाला. बस हलली, तिच्या आडून सगळा लोंढा एकदम सुटला, आणि धूर खाली बसला तेव्हा रेषेमागे नवीन गाड्या येऊन उभ्या राहत होत्या.

अण्णांनी हात हळूच खाली घेतला. "कुणीच तोडला नाही सिग्नल," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या खिशातला फोन वाजला. मेसेज होता. त्यांनी चष्मा शोधला, सापडेना, फोन माझ्या हातात कोंबला. "वाचा की. कुठला चौक?"

"गॅस सिलिंडर बुक झाल्याचा आहे, अण्णा."

"हेल्मेटचं नाही?"

"नाही."

"सरी, बरंय," अण्णा म्हणाले. फोन परत घेऊन त्यांनी खिशात ठेवला, खिशावर हात ठेवला, आणि राजाजीनगर येईपर्यंत खिडकीतून शेजारून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे बघत राहिले.